एडका आणि पंचमांश

पाळकाचे काम म्हणजे रविवारचा उपदेश, अशी बाहेरच्यांची समजूत असते. प्रत्यक्षात आठवड्यातला बराच वेळ शाळाप्रवेशासाठी बाप्तिस्म्याचे दाखले शोधण्यात, दफनभूमीतल्या जागेवरून होणारी भांडणे मिटवण्यात आणि सोयरिकीच्या चौकशांना उत्तरे देण्यात जातो. बुधवारचा शास्त्राभ्यास मात्र मी दुसऱ्या कोणावर सोपवत नाही. त्यात बायबलच्या जुन्या करारातले लेवीय हे अर्पणांच्या नियमांचे पुस्तक घेतले, तेव्हा चर्चच्या कमिटीतल्या एकाने ‘त्यापेक्षा स्तोत्रे घ्या, निदान लोक तरी येतील’ असे सुचवून पाहिले होते.

या पुस्तकातले बारकावे समोर मांडायला मला मनापासून आवडते. होमार्पण आणणाऱ्याने पशूच्या डोक्यावर हात ठेवायचा, त्यानेच तो कापायचा, कातडे काढून तुकडे करायचे. याजकाकडे, म्हणजे पुरोहिताकडे, रक्त आणि वेदीवरचा अग्नी एवढेच. पापार्पणाला मेंढरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले, तेही जमत नसेल तर एफा या मापाचा दहावा भाग सपीठ, त्यावर ना तेल ना धूप. मरीया आणि योसेफ यांनी बाळ येशूला यरुशलेमेस नेले तेव्हा शुद्धीकरणासाठी त्यांनीही गरिबाचेच अर्पण दिले, असे लूक आपल्या शुभवर्तमानात लिहितो. इ. स. 70 मध्ये यरुशलेमेतले मंदिर पडले आणि तिथले यज्ञ थांबले. आम्ही ख्रिस्ती लोक तर नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ याच्या आधारे मानतो की ख्रिस्ताने स्वतःला एकदाच अर्पण केले आणि पशुबलींचे प्रयोजन संपले. आमचे कित्येक उपदेशक एवढे सांगून पुस्तक मिटतात, नाहीतर निवासमंडपाच्या, म्हणजे मंदिराआधीच्या उपासनेच्या तंबूच्या, प्रत्येक खुंटीत ख्रिस्ताची छाया शोधत बसतात. हे दोन्ही मला आळसाचेच प्रकार वाटतात.

त्या बुधवारी सहाव्या अध्यायाचा आरंभ होता. शेजाऱ्याची ठेव दाबली, त्याला लुबाडले, सापडलेली वस्तू नाकारली आणि वर खोटी शपथ घेतली, तर घेतलेले पुरते परत करून त्यावर पंचमांश भर घालायची, आणि मग निर्दोष एडका दोषार्पण म्हणून आणायचा. निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात मुद्देमालासह पकडलेल्या चोराला दुप्पट भरावे लागते, त्यामानाने आपला दोष ओळखून आपण होऊन परत करणाऱ्याला ही सवलतच आहे. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 53व्या अध्यायात प्रभूच्या सेवकाचा जीव दोषार्पण होतो, हेही मी वाचून दाखवले; त्या सेवकात आम्ही ख्रिस्त पाहतो.

सगळे गेल्यावर कांद्याचे एक मोठे बागायतदार मागे थांबले. त्यांना गावात अण्णा म्हणतात. ओळख पटेल असे बाकी तपशील मी बदलले आहेत. धाकट्या भावाचा बांध दर नांगरटीला थोडाथोडा कोरत त्यांनी चारेक गुंठे आपल्याकडे घेतले होते, आणि त्याच वादातून भावाने मंडळीत, म्हणजे चर्चला, येणे सोडले होते.

“पाळकसाहेब, एडका तर प्रभू झाला. मग माझं फिटलं ना सगळं?”

“एडका प्रभू झाला, अण्णा. पंचमांशाचं काय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धनादेश घेऊन आले. जमिनीची बाजारभावाने किंमत, वर पंचमांश, एक रुपयाही कमी नाही. पण नाव लिहिले होते मंडळीच्या बांधकाम निधीचे. छत गळते आहे, त्यामुळे कमिटी हरखली. एका सभासदांनी तर जुन्या करारातल्याच गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाचा दाखला दिला, की भरपाई याजकाला देता येते. मी वचन पुरते वाचले: ज्याचे घेतले त्याच्या वतीने ती स्वीकारणारा जवळचा नातलग नसेल तरच. इथे तर ज्याचे घेतले तोच ओढ्यापलीकडे राहतो. देवाच्या नावाने पैसा आला की तो कोणाचा हे विचारायचे नसते, ही समजूत आमच्या कमिट्यांत फार मुरलेली आहे.

संध्याकाळी मी भावाकडे गेलो. त्याने चहा दिला आणि शांतपणे सांगितले, “पैसे नकोत. बांध होता तिथं घाला, आणि दादानं चार माणसांत म्हणावं की मी कोरला.” गणनाच्या त्याच अध्यायात आधी पाप कबूल करणे येते आणि परतफेड त्यानंतर; वर्षानुवर्षे चर्चची पायरी न चढलेल्या माणसाने तोच क्रम मला सांगितला.

अण्णांचे घोडे नेमके तिथे अडले आहे. घरात मुलीची सोयरीक ठरते आहे आणि चार माणसांत बोलणे त्यांना जमणार नाही. देवापुढे कबूल केले आहे, असे ते म्हणतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी भावाशी समेट कर, हे प्रभूचे वचन मी त्यांना दाखवले. त्यांनी मान डोलावली. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, पुढे आले आणि मी त्यांना भाकर दिली. त्याआधी प्रत्येकाने आपली परीक्षा करावी असे प्रेषित पौल लिहितो, आणि कोणाला परत पाठवण्याचा अधिकार मला कितपत आहे, याचा माझ्याशी अजून निकाल लागलेला नाही. प्राचीन इस्राएलात याजकापुढे एडका उभा राही, तेव्हा भरपाई झाली की नाही हे निदान कोणी तरी विचारू शकत होते. आमच्याकडे तो प्रश्न विचारायची जागाच उरली नाही, असे अलीकडे मला वाटू लागले आहे.

धनादेश माझ्या कपाटात आहे. त्याची मुदत तीन महिन्यांची असते, याची आठवण खजिनदार मला करून देत असतात. मोजणीचा अर्ज अजून कोणी भरलेला नाही.