लातूरच्या बाररूममधून हेगच्या यादीत

हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात वकील म्हणून नाव नोंदवायचंय म्हटल्यावर बाररूममध्ये पहिला प्रश्न आला, ‘आपला देशच त्यात नाही, मग तुमचा वकालतनामा घेणार कोण?’ शंका रास्तच होती. हे न्यायालय ज्याने उभं राहिलं त्या रोम करारावर १९९८ साली मतदान झालं तेव्हा भारत तटस्थ राहिला आणि अजूनही सही केलेली नाही. पण वकिलांच्या यादीसाठी नागरिकत्वाची अट नाही. फौजदारी कामाचा किमान दहा वर्षांचा अनुभव हवा, इंग्रजी किंवा फ्रेंच उत्तम यायला हवं, आणि गंभीर गुन्ह्यात किंवा शिस्तभंगात शिक्षा झालेली नको.

कागद तीनच: बायोडाटा, बार कौन्सिलचा दाखला आणि शिक्षा झालेली नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र. माझी सनद माहेरच्या नावावर आणि पासपोर्ट सासरच्या, त्यामुळे तिसऱ्याला फाटे फुटले. विवाह नोंदणीचा दाखला चालेल असं एका टेबलावर सांगितलं, शेजारच्या टेबलावर नाव बदलाचं राजपत्र (गॅझेट) मागितलं. तिथल्या कारकुनाने चष्म्यावरून बघत विचारलं, ‘मॅडम, कोन्त्या देशात जायलाव?’ कुठेच जात नाही म्हटल्यावर तर संशय आणखीच वाढला. शेवटी राजपत्रच जोडलं. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनो, हे आधी उरकून घ्या.

खरा घोळ अनुभवाच्या रकान्यात होता. मी युद्धगुन्ह्याचा खटला कधी बघितलेला नाही, आणि इथे तसा बघायलाही मिळत नाही. मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार आपल्या देशी फौजदारी कायद्यात नाहीत, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या सज्जन कुमार खटल्यात स्पष्ट नोंदवलं. २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही ते आले नाहीत. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचाच वकील. त्यालाही शिक्षा झाली ती बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात. १९५७ ला सुटला आणि पाकिस्तानात गेला.

मग मी माझी ॲट्रॉसिटीची कामंच मांडली. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५अ नुसार आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडिताचं म्हणणं ऐकावं लागतं. रोम कराराचं कलम ६८ सुद्धा पीडितांना आपलं म्हणणं मांडू देतं. एका जामीन अर्जावर आमच्या फिर्यादी बाईंना न्यायाधीश साहेबांनी विचारलं, काही सांगायचंय का? पदर सावरत त्या म्हणाल्या, ‘साहेब, नळ त्यांच्या दारात हाय. ते सुटले तर पाणी कुठून आणू?’ जामीन झाला, पण गावात पाऊल न ठेवण्याच्या अटीवर. माझ्या दोन पानी बायोडाट्यातला सगळ्यात वजनदार परिच्छेद हाच, असं मला अजूनही वाटतं.

तिकडचं कामही फार वेगळं नाही. काँगोतल्या बोगोरो गावावर २००३ मध्ये हल्ला झाला. त्याबद्दल तिथल्या सशस्त्र टोळीचा म्होरक्या कटांगा याच्यावर हेगमध्ये चाललेल्या खटल्यात २०१७ ला भरपाईचा आदेश निघाला: २९७ जणांना प्रत्येकी २५० डॉलर, तेही प्रतीकात्मक, शिवाय घर, शिक्षण वगैरेंसाठी सामूहिक मदत. पीडित हल्ल्याच्या वेळी तिथे राहत होता, त्याचं घर होतं, गुरं होती, हे वकिलांना एकेका अर्जात दाखवावं लागलं. जळालेल्या वस्तीचा पंचनामा घेऊन तहसीलच्या चकरा मारलेल्या माणसाला हे नव्याने शिकवायला नको.

दरम्यान काही खुलासे मागवले गेले, ते दिले, आणि नाव यादीत आलं. यादीत नाव म्हणजे काम नव्हे. वकील निवडतो तो आरोपी किंवा पीडित. काँगोसारख्या प्रकरणांत फ्रेंचशिवाय पान हलत नाही आणि लातुरात मला फ्रेंच शिकवणारं कोणी सापडलं नाही. सध्या रात्री नऊनंतर मोबाईलवर क्लास चालू आहे, लाईट असली तर.