मावशीचा दोष नव्हता

आम्ही दोघी जुळ्या. जन्म १९७२ चा, बार्शीचा. आईला दोघींना पाजणं झेपेना आणि मावशीला मूल नव्हतं, म्हणून सातव्या महिन्यात मावशी मला सोलापूरला घेऊन आली. साखर पेठेत एक खोली. काका गिरणीत, मावशी घरी विड्या वळायची. तिच्या मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू, आणि शेजारी झोळीत मी. मी तिला मावशीच म्हणत आले, तशी अट आईनं घातली होती.

मी पहिल्यापासून धास्तावलेली. पाहुणे आले की पलंगाखाली. गड्ड्याच्या जत्रेत गर्दी वाढली की पोटात गोळा यायचा. कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघायची. या सगळ्याला पेठेत एकच कारण सांगितलं जायचं: मावशीनं फार जपलं. दुसऱ्याची पोर म्हणून हातावर झेलली, म्हणून ही अशी. शाळेतल्या एका बाईंनी तर हे तिला तोंडावर ऐकवलं. मावशी तिथं काही बोलली नाही. त्या रात्री मात्र ती खूप उशिरापर्यंत विड्या वळत बसली होती.

तिकडे बार्शीत बहीण अकरा माणसांच्या घरात वाढली. आई कडक, लाड वगैरे काही नाही. आणि तीही कुलूप तीनदा ओढते! एसटी सातची असेल तर सहाला स्टँडवर हजर. सुट्टीत भेटलो की दोघींची मनं एकाच वेळी एकाच गोष्टीनं घाबरायची. जपल्यामुळे मी अशी झाले, तर ती कशामुळे झाली?

ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवताना आनुवंशिकता समजावणारे मेंडेलचे वाटाणे मी किती वर्षं फळ्यावर काढले असतील. पण या प्रश्नावर नीट वाचायला पन्नाशी यावी लागली.

जनुकांचा वाटा किती नि वाढवण्याचा किती, हे वेगळं करायची युक्ती साधी आहे. एकसारखी जुळी एकाच फलित बीजापासून होतात, त्यांची जनुकं जवळजवळ सगळी सारखी. भिन्न जुळी दोन बीजांपासून, त्यांचं साम्य इतर भावंडांइतकंच, सरासरी निम्मं. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात वाढतात. मग स्वभावाच्या चाचण्यांत एकसारखी जुळी एकमेकांच्या जास्त जवळ आली, तर त्या जास्तीच्या जवळिकीत जनुकांचा हात दिसतो. मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बूशार्ड यांनी १९७९ पासून वेगवेगळ्या घरांत वाढलेली जुळी शोधून काढली, शंभराहून अधिक जोड्या. दोन घरांत वाढलेली एकसारखी जुळी स्वभावाच्या बाबतीत एका घरात वाढलेल्यांइतकीच एकमेकांसारखी निघाली. हे वाक्य वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

२०१५ मध्ये पन्नास वर्षांतले जुळ्यांवरचे २,७४८ शोधनिबंध एकत्र तपासले गेले. सगळ्या गुणांची सरासरी काढली तर जनुकांचा वाटा ४९ टक्के येतो. नुसत्या स्वभावाबद्दलच्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका आढाव्यात तो साधारण ४० टक्के आहे, आणि जुळ्यांऐवजी कुटुंबं नि दत्तक मुलं अभ्यासली की आणखी खाली येतो. उरलेला वाटा परिस्थितीचा, पण तिथंही एका छपराखाली राहून भावंडांना सारखं मिळतं ते फार थोडं. ज्याच्या त्याच्या वाट्याला वेगळं येतं तेच जास्त.

हे टक्के नीट समजून घ्यायला हवेत. माझी ४० टक्के भीती आईकडून आली, असा त्यांचा अर्थ होत नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकांमुळे, एवढंच ते सांगतात. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारीचं मिसळीचं बी पेरलं तर कणसांतला फरक बियाण्याचा. पण तेच बी पेरलेलं शेजारचं सगळं रान मुरमाड असेल, तर या रानातलं नि त्या रानातलं अंतर मातीचं. म्हणून ‘अमक्यांच्या रक्तातच ते आहे’ असं जातीकडे बोट दाखवून कोणी बोललं की मी वर्गात तास थांबवते. ज्या फ्रान्सिस गाल्टननं १८७५ मध्ये जुळ्यांचा अभ्यास सुचवला, त्यानंच वंश ‘सुधारण्याची’ कल्पना मांडली, आणि तिच्या नावाखाली कित्येक देशांत माणसांची सक्तीनं नसबंदी झाली. शिवाय भित्रेपणाचं असं एक जनुक नसतं. हजारो असतात, प्रत्येकाचा परिणाम कणभर.

आम्हा दोघींवरून काही सिद्ध होत नाही, हेही खरं. दोन घरं नात्यातली, सुट्ट्या एकत्र. पण मला सिद्ध करायचंच नव्हतं. मला ते मावशीला सांगायचं होतं.

ती आता ब्याऐंशीची आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती तीळ निवडत होती, तेव्हा सांगितलं. तुझ्या जपण्यानं मी अशी झाले नाही गं, मी तशीच जन्मले होते. मला वाटलं, तिला हलकं वाटेल.

तिनं ताट खाली ठेवलं. “म्हंजे तुझ्यात माझं काहीच न्हाई व्हय?”

याचा मी विचारच केला नव्हता. मग मला विड्यांचा कारखाना आठवला. मी अकरा वर्षांची असताना तिनं ठरवलं की विड्या द्यायला मीच जायचं, एकटीनं. टोपलीत हजार विड्या, दारात बायकांची ही गर्दी, तेलुगूतला गलका. पहिले आठ दिवस मी रडत गेले. पुढं तेलुगू आलं, ओळखी झाल्या, पण पोटातला गोळा गेला नाही. आजही नव्या वर्गात शिरताना तो असतो आणि तरी मी शिरते. बहीण अजून एकटी प्रवास करत नाही. हा फरक कोणी मोजलेला नाही, पण तो कुठून आला हे मला माहीत आहे. मी हे सगळं मावशीला सांगितलं.

ती बराच वेळ तीळ चाळवत राहिली. मग म्हणाली, “बोळाच्या तोंडाशी मी हुबी असायचे. तुला ठावं होतं?”

होतं. पदराचं टोक दिसायचं.