स्कूटरचं ऑइल घरी बदललं, त्याची हकिगत

माझी ११० सीसीची स्कूटर जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत रोज जाते-येते. वॉरंटी होती तोवर ती मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशिवाय कुणाकडे उघडू दिली नाही. वॉरंटी संपल्यावर मात्र ऑइल आपणच बदलायचं ठरवलं. इंजिनात कुठलं ऑइल पडतं, किती पडतं आणि बोल्ट कसा आवळला जातो, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. आपल्याकडे धूळ भरपूर, मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, आणि गावातल्या गावात थांबत-थांबतच गाडी चालते. अशा गाडीचं ऑइल मॅन्युअलमधल्या किलोमीटरच्या थोडं आधीच बदलावं, असं माझं मत आहे.

पहिला प्रश्न दुकानातच उभा राहिला. मी १०डब्ल्यू-३० मागितलं तर काउंटरवरचे मामा म्हणाले, “ताई, आपल्या सोलापूरच्या उन्हाला पातळ पडतंय ते. २०डब्ल्यू-४० घ्या की, जाड असतंय.” सांगणं मनापासूनचं होतं, आणि ही समजूत आपल्याकडे बऱ्याच जणांची आहे. पण मी १०डब्ल्यू-३० वरच राहिले, कारण माझ्या मॅन्युअलमध्ये तेच दिलंय. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिन सुरू करताना ऑइल किती सहज वाहील ते सांगतो, आणि नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती जाड राहील ते सांगतो. चालत्या इंजिनातलं ऑइल तसंही शंभराच्या आसपास तापतं. बाहेर तीस अंश असोत की बेचाळीस, कंपनीने इंजिनातल्या फटी ठरवताना हा हिशोब धरलेला असतो. उगाच जाड ऑइल घातलं तर इंजिनाला ते फिरवायलाच जास्त जोर लागतो आणि ॲव्हरेज पडतं.

डब्यावर ‘जासो एमबी’ लिहिलंय का, तेही बघून घेतलं. जासो हे दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक, एमए आणि एमबी हे त्यातले प्रकार. मोटरसायकलचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्याला घसरू न देणारं एमए ऑइल लागतं. स्कूटरचा क्लच बेल्टच्या खणात, कोरडा असतो. त्याचा इंजिन ऑइलशी संबंध नसल्यामुळे कमी घर्षणाचं एमबी ऑइल चालतं आणि तेच चांगलं. घरात दोन्ही गाड्या असतील तर उरलेले डबे खुणा करून वेगळे ठेवा, कारण एमबी ऑइल मोटरसायकलमध्ये गेलं तर क्लच घसरायला लागतो. ऑइलबरोबर ड्रेन बोल्टचा नवा वायसरही घेतला. तो अगदी स्वस्त मिळतो, आणि जुना एकदा दबलेला असल्यामुळे पुन्हा नीट बसेलच असं नाही.

रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, गाडी पोर्चमध्ये मेन स्टँडवर लावली आणि तीन-चार मिनिटं चालू ठेवली. ऑइल कोमट झालं की पटकन उतरतं आणि खाली बसलेली घाणही सोबत घेऊन येतं. सायलेन्सर मात्र तेवढ्यात तापतो, म्हणून हात घालायची बाजू आधीच बघून ठेवली.

खाली वाकल्यावर बोल्ट एकापेक्षा जास्त दिसतात, आणि खरी सावधगिरी इथे हवी. मागच्या चाकाजवळच्या डब्यात गिअर ऑइल असतं, जेमतेम कपभर. त्याचा बोल्ट इंजिन ऑइलचा समजून उघडला तर गिअरबॉक्स कोरडा पडतो आणि इंजिनात जुन्यावरच नवं ऑइल भरलं जातं. मी मॅन्युअलमधलं चित्र मोबाईलवर मोठं करून समोर ठेवलं, इंजिनाखालचा बोल्ट खात्रीने ओळखला आणि मगच १२ नंबरचा रिंग पाना लावला. ऑइल भरायची टोपी आधी काढून ठेवली, म्हणजे आत हवा जाते आणि धार अडत नाही. खाली जुनं घमेलं. निघालेलं ऑइल काळं होतं, पण एवढ्यानं घाबरायचं कारण नाही. काजळी आणि घाण धरून ठेवणं हेच त्याचं काम. मी ते बोटांत चोळून बघितलं. चमचमणारे धातूचे कण असते तर मेकॅनिककडे गेले असते. तसं काही नव्हतं.

काही स्कूटरना ऑइल गाळायची जाळीही असते, मोठ्या नटाच्या मागे स्प्रिंग लावून बसवलेली. माझ्या गाडीला आहे. उघडताना स्प्रिंग उडते, म्हणून नट तळहाताने दाबून धरतच काढला. जाळी डिझेलमध्ये धुतली, पूर्ण वाळवली आणि होती तशीच बसवली.

पुढचं काम माझ्या मते सगळ्यात नाजूक: बोल्ट परत लावणं. इंजिनाचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट लोखंडी. तिरका बसला किंवा अंगातला सगळा जोर लावला तर आटे जातात. मग लेथवाल्याकडे नवे आटे पाडून घ्यायचे किंवा केसिंगच बदलायचं, म्हणजे वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च. शेजारचे काका एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. ते कंपाउंडच्या भिंतीवरून बघत होते. म्हणाले, “पोरी, पाना ठेव खाली. आधी बोटानं फिरव. बोटानं शेवटपर्यंत गेला, की मग पाना लावून जरासं आवळायचं. लांब दांड्याचा पाना तर नकोच.” मी तसंच केलं. बोटांनी बोल्ट शेवटपर्यंत गेला, वायसर टेकल्याचं हाताला कळलं, आणि छोट्या पान्याने थोडंसं आवळून थांबले.

भरताना पूर्ण डबा ओतायचा नाही. माझ्या गाडीला ७०० मिली लागतं आणि डबा होता ८०० चा. जास्त झालेलं ऑइल फेसाळतं, एअर फिल्टरपर्यंत जातं आणि धूर सुरू होतो. डब्याच्या कडेवरच्या खुणा बघून नरसाळ्यातून हळूहळू ओतलं. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद केलं, थोडं थांबून ऑइलची पातळी मोजायची काडी पुसली, आटे न फिरवता नुसती टेकवली आणि बघितली. काडी फिरवून मोजायची की टेकवून, हे गाडीगणिक बदलतं, ते मॅन्युअलमध्ये बघायचं. ऑइल वरच्या खुणेच्या किंचित खाली होतं. रात्रभर बोल्टखाली कागद अंथरून ठेवला. सकाळी तो कोरडा होता.

राहिलं जळकं ऑइल. हे गटारात ओतायला कुणी सांगितलं तरी ओतू नका. शंभर किलोमीटरवरच्या उजनीतून पाणी आणावं लागतं, तेही नळाला रोज येत नाही; त्या गावात हे पाण्यात सोडणं मला पटत नाही. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं आणि ते अधिकृत रिसायकलरकडेच जायला हवं. सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला एकाने माझ्याकडे मागितलंही, पण पाऊस आला की ते मातीतच जाणार, म्हणून दिलं नाही. मी ते एका घट्ट झाकणाच्या बाटलीत भरलं, बाटलीवर मार्करने ‘जळकं ऑइल’ लिहिलं, आणि ज्या गॅरेजमधून रिसायकलिंगवाले पिंप उचलून नेतात तिथे नेऊन दिलं. असं गॅरेज बोल्ट सैल करायच्या आधीच शोधून ठेवा. तिथल्या पोराने काही न विचारता बाटली घेतली आणि पिंपात रिकामी करून परत दिली.