गल्लीच्या वळणापर्यंत

'तुझी नोकरी गेली का रे? खरं सांग.' आईनं व्हिडिओ कॉलवर तिसऱ्यांदा विचारलं. मंगळवारची सकाळ, खांद्यावर लाळ पुसायचं फडकं आणि मांडीवर आठ महिन्यांची लेक. इंदूरला, रामबागेतल्या घरी, हे चित्र पटणं कठीणच. शेजारच्या काकूंना तर आईनं परस्पर 'घरून काम करतो' असं सांगूनही टाकलं होतं.

नोकरी शाबूत आहे, मी लेकीसाठी रजेवर आहे. इथे स्वीडनमध्ये एका मुलामागे आईबापांना मिळून 480 दिवसांचा रजाभत्ता असतो. त्यातले प्रत्येकाचे 90 दिवस ज्याचे त्यानंच घ्यायचे. बापानं नाही घेतले तर ते आईला मिळत नाहीत, बुडतात. खरी मेख इथे आहे. 1974 मध्येच ही रजा दोघांची झाली होती, पण पुरुष घेईनात. सरकारी पोस्टरवर एक दांडगा वेटलिफ्टर तान्हं बाळ घेऊन झळकला, तरी ढिम्म. 1995 मध्ये एकेक महिना राखीव झाला, तेव्हा कुठे बाप हलले. दिवस फुकट जाणार म्हटलं की माणूस कुठलाही असो, मराठी होतो!

मूल आजारी पडलं तर वेगळी रजा. तिला इथे 'वाब' म्हणतात, आणि सर्दीतापाच्या फेब्रुवारीला गमतीनं 'वाब्रुआरी'. माझा साहेब मागे एकदा 'पोराला ताप आहे' म्हणून मीटिंगमधून उठून गेला. कुणी मानही वर केली नाही.

आपल्याकडे केंद्र सरकारी नोकराला 15 दिवस, खासगीत कंपनीची मर्जी. जाहिरातींतला बाप मात्र बराच पुढे गेलाय. पूर्वी तो मुलीच्या लग्नासाठी विमा उतरवायचा. 2016 च्या एरिअलच्या जाहिरातीत तो लेकीची धावपळ पाहून पत्रातून तिची माफी मागतो. आमच्याकडे ती लागली तेव्हा आईनं डोळे पुसले, आणि बाबा 'शेव संपलीय' म्हणत उठून गेले. डबा भरलेला होता.

तेच बाबा जूनमध्ये इथे आले, बॅगेत दोन किलो शेव आणि जिरावण मसाला घेऊन. 2024 पासून आईबापांना आपले काही दिवस आजी-आजोबांनाही देता येतात, असं मी सांगितलं. 'मग दे की मला!' म्हणाले. त्यासाठी इथल्या सरकारी सामाजिक विम्यात नाव लागतं, हे कळल्यावर हिरमुसले.

एका दुपारी लेकीचा लंगोट मी बदलत होतो. ते शेजारी पावडरचा डबा धरून उभे. बऱ्याच वेळानं म्हणाले, 'अण्णांसमोर मी तुला कधी उचललं नाही. वडिलांदेखत स्वतःचं पोर कडेवर घ्यायचं नसतं, अशी पद्धत. राजवाड्याकडे जायला निघालो की गल्लीच्या वळणापर्यंत तू आईकडे. वळण आलं की मी घ्यायचो. येताना त्याच वळणावर परत तिच्याकडे.'

'मी रडायचो का?'

'येताना. रोज.'

मग डबा खाली ठेवून त्यांनी नातीला उचललं. लंगोटाची एक बाजू अजून चिकटवायची राहिली होती.