तुम्ही विचारलंत म्हणून: रोजच्या वापराला मोठी डिझेल एसयूव्ही घ्यावी का?

पंचवीस ते पन्नास लाखांतली डिझेल एसयूव्ही रोजच्या वापरासाठी कोणती घ्यावी, हा प्रश्न मला सोसायटीच्या बैठकीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही विचारला जातो, कारण माझी सगळी नोकरी डिझेल इंजिनांच्या चाचणीत गेली हे ओळखीच्यांना ठाऊक आहे. गाडीचे नाव सांगण्याआधी मी उलट विचारतो की घरापासून कामाचे ठिकाण किती लांब आहे आणि वाटेत सिग्नल किती लागतात. त्यावर बहुतेक जण महाबळेश्वर आणि कोकणाबद्दल बोलू लागतात. सहलीला कोणतीही धड गाडी चालते. डिझेल घ्यावे की नाही, हे सोमवार ते शनिवारच्या रस्त्याने ठरवायचे असते.

याचे कारण डीपीएफ. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा हा फिल्टर सर्रास आला. तो भरत आला की इंजिन जादा डिझेल सोडून एक्झॉस्टचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढवते आणि साठलेली काजळी जाळून टाकते. मात्र त्यासाठी इंजिन तापलेले आणि गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग धावती असावी लागते. पुण्यात कोथरूडहून जवळच्याच डेक्कनला जाणाऱ्या माणसाचे इंजिन जेमतेम तापते तोवर त्याचे ऑफिस येते. काजळी जळत असतानाच गाडी बंद होते, रेडिएटरचा पंखा मात्र पार्किंगमध्ये घोंघावत राहतो आणि गरम धातूचा वास येतो. असे वारंवार झाले की न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून इंजिन ऑईलमध्ये उतरते. डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून पाहावी, तर ऑईल वरच्या खुणेच्याही पुढे गेलेले असते, बोटांत चोळल्यावर पातळ लागते आणि त्याला डिझेलचा वास येतो. ऑईल कमी होत नाही म्हणून खूश असलेले मालक मी पाहिले आहेत. त्या पातळ ऑईलने इंजिनातल्या बेअरिंगांचे काय होत असेल ते मी त्यांना जेवण झाल्यावर सांगतो.

हिशेब म्हणाल तर तो डिझेलच्या बाजूने आहे, पण पूर्णपणे नाही. पुण्यात डिझेल ९० आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले, आणि शहरात डिझेल गाडीने १२ तर तेवढ्याच वजनाच्या पेट्रोल गाडीने ९ किलोमीटर दिले असे मानले, तर किलोमीटरमागे सुमारे चार रुपये वाचतात. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या डिझेल गाडीला रस्ता करही पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त आहे. सगळे धरून खरेदीत दोन लाखांचा फरक पडला, तर महिना हजार किलोमीटर चालवणाऱ्याला तो भरून यायला चार वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. मात्र पाच-पाच किलोमीटरच्या तुकड्यांनी झालेले हजार आणि शहराबाहेर चाकणला रोज जाऊन-येऊन झालेले हजार इंजिनाच्या दृष्टीने एक नव्हेत, म्हणून नुसता महिन्याचा आकडा मला पुरत नाही.

ज्यांचा रस्ता चाकण-रांजणगावचा आहे, किंवा ज्यांना आठवड्याला नाशिक-कोल्हापूर करावे लागते, त्यांनी डिझेल जरूर घ्यावे. फॉर्च्युनरच्या २.७ लिटर पेट्रोल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, २४५ न्यूटन-मीटर आहे, तर २.८ लिटर डिझेल ऑटोमॅटिकचा ५००. खंबाटकी घाटात भरलेली गाडी ट्रकमागून काढताना हा फरक कागदावर राहत नाही. तरीही रोजच्या वापरासाठी मी फॉर्च्युनर सहसा सुचवत नाही. ती वेगळ्या चॅसिसवर बसवलेली गाडी आहे, त्यामुळे खराब रस्ता ती वर्षानुवर्षे सोसते, पण एकटा माणूस बसून स्पीडब्रेकरवरून गेला की मागचा भाग उडतो. रुबाबासाठी घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. चेंगट रहदारीत मोनोकॉक बांधणीची, म्हणजे चॅसिस आणि बॉडी एकसंध असलेली गाडी सुखाची. अशी बीएमडब्ल्यू एक्स१ साधारण साडेचार मीटर लांब आहे, तर फॉर्च्युनर जवळजवळ ४.८ मीटर, आणि जुन्या सोसायटीच्या वळणावर तेवढ्यानेही एक रिव्हर्स वाढतो. तुमच्याकडे यांत्रिक पार्किंग असेल तर आधी त्याच्या पाटीवरची वजन आणि उंचीची मर्यादा वाचा.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमने ठरवलेल्या रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका, आपल्या ऑफिसच्या वाटेने, ऑफिसच्या वेळेला घ्या. गाडीत ॲडब्लू, म्हणजे एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारे युरियाचे द्रावण, लागत असेल तर त्याची टाकी किती लिटरची आहे, झाकण कुठे आहे आणि सर्व्हिसच्या मधल्या काळात ते कोण भरणार, हे बुकिंगपूर्वी विचारा. कारण ते पूर्ण संपले की बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होऊ दिले जात नाही, मग डिझेलची टाकी भरलेली असली तरी.