तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीचं काम अजूनही घरीच का?

"एवढं सगळं झालं, तरी अजून घरीच करतोस?" गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, की समोरचा गाडीकडे बघायला लागला की तो येणार हे मला कळतं. स्प्रिंग मी बदलल्या, रिम मी चढवले, मागचा स्पॉयलर मी चिकटवला, हे विचारणाऱ्यांना माहीत असतं. चाकाचं काय झालं तेही कानावर आलेलं असतं, पण अर्धंमुर्धं. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी माझी बाजू. पैसे वाचवायला मी हे करत नाही. हत्यारांवर गेलेला खर्च धरला तर वाचलेलं काही नाही. मी करतो ते वेळेसाठी. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग घातल्या, तेव्हा चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या आर्मचा बोल्ट गाडी जॅकवर असताना मी नुसता हाताने लावून ठेवला होता. आर्मच्या सांध्यात बसणाऱ्या बुशमधलं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरल्यावर ते रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून आधी गाडीचा भार चाकांवर आणायचा आणि मग शेवटचा पाना मारायचा. यात अर्धा तास जादा जातो. तो अर्धा तास मी देतो. ज्याच्या दारात अजून चार गाड्या उभ्या आहेत तो देईलच, असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

आणि हेही सांगतो, कारण लपवून उपयोग नाही: घरी केलेलं सगळंच चांगलं झालं नाही. इंजिनात जाणाऱ्या हवेसाठी कापसाचा फिल्टर बसवल्यावर गाडी मोकळी पळते, असं मी सगळ्यांना सांगत होतो. वाढला होता फक्त आवाज, ताकद मी कधी मोजलीच नव्हती. हा फिल्टर धुतला की त्याला तेल लावायचं असतं; पहिल्यांदा धुतल्यावर ते जास्त लागलं, ते आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक तारेवर बसलं आणि गाडी उभ्या उभ्या अडखळायला लागली. महिनाभर मी पेट्रोलला दोष देत होतो.

आता चाकाचं.

नवे अलॉय रिम आणले. माझ्या गाडीच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा, व्यास ६४.१ मिलिमीटर, रिमचं मधलं भोक ७३.१. बाहेरचे रिम बऱ्याचदा असेच मोठ्या भोकाचे येतात, अनेक गाड्यांना चालावेत म्हणून. मधली फट भरायला रिंग लागते, नाहीतर चाक मध्यावर बसत नाही आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं. हे मला माहीत होतं. रिंग घातल्या, हबवरचा गंज ब्रशने घासून काढला, नट आधी हाताने फिरवले, मग समोरासमोरचे धरून आवळले. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की खटका देणारा पाना, १०८ न्यूटन-मीटरवर लावला होता. प्रत्येक नटावर खटका आला. दुसरा फेरा मारला, पुन्हा खटका. त्या संध्याकाळी मी गाडीकडे किती वेळ बघत बसलो होतो, ते आता आठवलं की पोटात कालवतं.

नट जुनेच वापरले होते. कंपनीचे आहेत, चांगलेच असणार, असं वाटलं. त्या नटांची बैठक, म्हणजे रिमला टेकणारी बाजू, गोल होती, चेंडूच्या पृष्ठभागासारखी. नव्या रिमच्या भोकांची बैठक शंकूसारखी निमुळती, ६० अंशांची. गोल नट शंकूत बसला की सगळ्या पृष्ठभागावर टेकत नाही, एका बारीक कडीपुरता टेकतो. चार दिवस गाडी चालली, ती कड ॲल्युमिनियममध्ये दबली, आणि स्टडमधला, म्हणजे नट ज्यावर फिरतो त्या बोल्टमधला, ताण गेला. पहिल्या १०० किलोमीटरच्या आत नट पुन्हा तपासायचे असतात, हेही मला माहीत होतं. रविवारी बघू म्हणालो.

रविवारच्या आधी ताई गाडी घेऊन गेली. तासाभराने तिचा फोन आला. "पुढून डाव्या बाजूने टकटक आवाज येतोय. वळताना जास्त."

मी म्हणालो, "नव्या स्प्रिंग आहेत, बसतायत अजून. ये तशीच, सावकाश ये."

हे वाक्य मी बोललो. कामातल्या चुकीबद्दल मी कितीही बोलू शकतो, या वाक्याबद्दल बोलताना अजून अडखळतो. आवाज माझ्या कामातून येत होता आणि माझ्या कामात खोट असेल, हे मला ऐकायचं नव्हतं.

ताईने ऐकलं नाही. तिने गाडी कडेला घेतली आणि पुन्हा फोन केला. "तू इथे ये. मी नाही चालवत." मी गेलो. पाचातला एक नट नव्हताच. दोन बोटांनी फिरत होते. एका स्टडचे आटे घासून सपाट झाले होते आणि रिमची दोन भोकं लांबट झाली होती. ती बाजूला उभी होती. काही बोलली नाही. मी गुडघ्यावर बसून तिला बैठकीतला फरक समजावत होतो. गोल आणि शंकू. तिने विचारलं नव्हतं.

तेव्हाचा मी अजून भांडतो माझ्याशी. म्हणतो, रेंचने खटका दिला होता की. मी सांगतो, नट फिरवायला किती जोर लागला एवढंच रेंच सांगतो. स्टड किती ताणला गेला, ते त्याला कळत नाही. तो म्हणतो, गॅरेजमध्ये कुणी नटाची बैठक पाहिली असती? कदाचित नसती. इथवर तो बरोबर आहे. पण फोन आल्यावर एखादा मिस्त्री म्हणाला असता, जागेवरून हलवू नका. यावर तो गप्प बसतो आणि मीही.

मग तुम्ही म्हणता, तरीही घरीच? रिम बदलले, स्टड बदलले, शंकूच्या बैठकीचे नट आणले, ५० किलोमीटरनंतर आणि परत १०० नंतर तपासले. हे सगळं मीच केलं. मला हे काम आवडतं आणि ते सोडून द्यावं असं वाटत नाही. त्याच वेळी, माझ्या हातचं कुणी दुसऱ्याने चालवावं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. काही दिवस वाटतं हो, काही दिवस अजिबात नाही.

मागचे शॉक ॲब्सॉर्बर आणून ठेवलेत. दोन महिने झाले, खोकं अजून उघडलेलं नाही. ताईने त्यानंतर गाडी मागितलेली नाही, आणि घेऊन जा असं मीही म्हटलेलं नाही.