सातबाऱ्यावर बोजा चढंल का?

१९९७ सालचा पावसाळा. देगलूर तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी मुख्याध्यापक होतो. डीपीईपीचे, म्हणजे जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाचे, पैसे नुकतेच मिळाले होते. शाळेला वर्षाला २,००० रुपये आणि साहित्य करायला प्रत्येक शिक्षकाला ५००. खडू संपले तरी मागणीपत्र पाठवून वाट बघत बसायची सवय झालेल्या आम्हाला, स्वतः बाजारात जाऊन हवं ते आणायची मुभा म्हणजे फार मोठी गोष्ट होती. मी शंभर मण्यांची माळ ओवली. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. हातच्याला घाबरणारी दुसरीतली एक मुलगी त्या माळेवर सत्तावीसमध्ये पंधरा मिळवत होती. तीन मणी सरकवले, रंग बदलला आणि ती ओरडलीच, "गुर्जी, तीस झाले!" उरलेले बारा तिने मग न मोजताच मिळवले.

तिचे आजोबा ग्रामशिक्षण समितीत होते. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. खर्चाच्या ठरावावर सह्या घ्यायला समिती बसली, तेव्हा त्यांनी विचारलं, "पैसा कुणाचा म्हणायचा हा?"

"जागतिक बँकेचा."

"बँकेचा म्हणजे कर्जच की. फेडायचं कोणी? आमच्या सातबाऱ्यावर बोजा चढंल का?"

दोघं-तिघं हसले. मला हसू आलं नाही. सोसायटीच्या कर्जापायी आप्पांची दीड एकर जमीन गेली होती, आणि त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन प्रशिक्षणं करून आलो होतो. गाणी, भाषिक खेळ, गटकार्य, सगळं मनापासून शिकवलं होतं. हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आप्पांनी सही केली नाही. सभा तशीच उठली.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एसटीने नांदेड गाठलं. तिथल्या एका साहेबांनी कागद काढून नीट समजावलं. १९९४ साली जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघटनेने सुमारे २६ कोटी डॉलर मंजूर केले होते. त्यातून ज्या राज्यांत काम सुरू झालं, त्यांत महाराष्ट्रही होता. मुदत ३५ वर्षं, पहिली दहा वर्षं मुद्दल नाही, व्याजाऐवजी पाऊण टक्का सेवा आकार. कर्जदार भारत सरकार. केंद्राकडून खर्चाचे ८५ टक्के अनुदान म्हणून येणार, १५ टक्के राज्याचे. मध्य प्रदेशात याच कार्यक्रमाला युरोपीय समुदायाचं अनुदान होतं, आमच्या सीमेपलीकडे तेव्हाच्या आंध्रात ब्रिटनचं. ते फेडायचं नव्हतं.

परदेशी मदतीवर पुढे मी पुष्कळ वाचलं. किती शाळाखोल्या झाल्या, पटनोंदणी किती वाढली, याचे आकडे त्यात असतात आणि ते महत्त्वाचेच आहेत. त्या पैशातून मिळालेली माळ नसती तर ती पोरगी हातच्यालाच अडून राहिली असती. पण पैसा ज्या गावात उतरतो, त्या गावाला त्याच्या अटी सांगितल्याच पाहिजेत, असं मला तेव्हापासून ठाम वाटतं. आप्पांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. पहिल्याच प्रशिक्षणात पहिल्या तासाला त्याचं उत्तर आम्हाला मिळायला हवं होतं.

पुढच्या सभेत सगळं वाचून दाखवलं. आप्पा म्हणाले, "वहीत लिवा." मी इतिवृत्तात लिहिलं, ‘सदर कर्ज भारत सरकारच्या नावे असून गावातील कोणाच्याही जमिनीवर बोजा नाही.’ त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग खाली आणखी एक ओळ घालायला लावली, की खर्चाचा हिशेब दर तीन महिन्यांनी मारुतीच्या पारावर मोठ्याने वाचावा. आणि पेन मागितलं.